मेकॅनिकल कीबोर्ड उघडून बघा: खोक्यावर लिहिलेलं आत सापडतं का?

नव्या मेकॅनिकल कीबोर्डच्या, म्हणजे प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच असलेल्या कीबोर्डच्या खोक्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या: गॅस्केट माउंट (आतला सांगाडा मऊ पट्ट्यांवर धरलेला), पीबीटी कीकॅप (कीवरचं टोपण पीबीटी नावाच्या प्लास्टिकचं), हॉटस्वॅप (न झाळता स्विच काढता-घालता येतात) आणि फॅक्टरी ल्यूब (कारखान्यातच तेल-ग्रीस लावलेलं). किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. मी सांगलीत विश्रामबागेत घरूनच डीटीपीचं काम करतो. दिवसाचे सात-आठ तास बोटं कीबोर्डवरच असतात, त्यामुळे सौदा बरा वाटला. चौथ्या दिवशी स्पेसबार पत्र्याच्या डब्यात खडा टाकल्यासारखा वाजायला लागला. पाचव्या दिवशी रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर टॉवेल अंथरला आणि कीबोर्ड उघडला. चारपैकी अडीच गोष्टी खऱ्या निघाल्या.

अडीच कशा, ते ओघात येईलच. आधी एक सांगून ठेवतो. कीबोर्डची केस उघडली की काही विक्रेते परत घ्यायला कुरकुर करतात. म्हणून खालची कामं याच क्रमानं करा. कीकॅप आणि हॉटस्वॅप स्विच काढून बघितल्याची, किंवा लांब कीखालचा स्टॅबिलायझर जागेवर तपासल्याची खूण राहत नाही. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि तोही परत पाठवायचा नाही असं ठरल्यावर, किंवा माझ्यासारखी खुमखुमी असेल तर.

न उघडता जेवढं कळतं तेवढं

कीबोर्ड दोन्ही टोकांना धरून ओला टॉवेल पिळतात तसा हलकेच पिळा. थोडा वाकला तर बिघडलं नाही, प्लास्टिक आहे ते. करकर आवाज आला तर मात्र वरची आणि खालची केस एकमेकांत नीट बसलेली नाहीत. मग सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे एकेक करून दाबा. एखादा कोपरा डुलत असेल तर केस वाकडी आहे आणि ती पुढेही वाकडीच राहणार.

वजनावर फार जाऊ नका. जड म्हणजे मजबूत हा आपला जुना समज उत्पादकांनाही ठाऊक आहे. काही जण केसच्या तळाला नुसती लोखंडी पट्टी चिकटवून वजन वाढवतात.

आता एक चाचणी सांगतो, जी बहुतेक जण करत नाहीत. कीबोर्डला टाइप-सी पोर्ट असेल तर सोबत आलेली केबल बाजूला ठेवा आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावा. दुसरं टोक लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमध्ये घाला. कीबोर्ड मेल्यासारखा पडून राहिला, पण जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर व्यवस्थित चालला, तर आतल्या सर्किट बोर्डवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावलेले नाहीत असं बहुधा समजावं. टाइप-सीच्या नियमानुसार ते हवेतच. समोर एखादं उपकरण जोडलंय हे लॅपटॉपला त्यांच्यामुळेच कळतं. दोन्ही मिळून किंमत पैशांत मोजण्याइतकी. जो उत्पादक तिथे कात्री लावतो, त्यानं आणखी कुठे कुठे लावली असेल ते बघायला डोळे उघडे ठेवा.

वायरलेस कीबोर्ड असेल तर तळाचं लेबल वाचा. भारतात वायरलेस कीबोर्डला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर अॅपवर पडताळता येतो.

सामान

फिलिप्सचा, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर, कीकॅप आणि स्विच काढायचे चिमटे (बहुतेक वेळा खोक्यातच येतात), बाद झालेलं एटीएम कार्ड, मऊ ब्रश, फ्रिजवरचं एखादं चुंबक, मोबाइलचा टॉर्च. मल्टिमीटर असेल तर उत्तम. स्क्रूंसाठी स्टीलच्या चार-पाच वाट्या घ्या. कुठला स्क्रू कुठून काढला हे लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा.

केबल काढा. वायरलेस असेल तर मागचं बटण बंद करा.

कीकॅप आणि मिठाचं पाणी

कीकॅप सरळ वर ओढायची, तिरकी नाही. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्या खाली तार असते. त्या दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या उचलत काढा, एका झटक्यात ओढलं तर तार वाकते.

निघालेली कीकॅप उलटी करून भिंतीची जाडी बघा. १.५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर चांगली. १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर आवाज पातळ येतो. मग अक्षरं कशी उमटवलीत ते बघा. आतल्या बाजूनं दोन रंगांचं प्लास्टिक दिसत असेल तर ती डबलशॉट, म्हणजे अक्षर स्वतःच वेगळ्या प्लास्टिकचं, घासून जायचा प्रश्नच नाही. नखानं वरचं अक्षर किंचित उठावदार लागलं तर ते छापलेलं असणार, आणि ते वर्ष-दोन वर्षांत जाणार.

खोक्यावर पीबीटी लिहिलंय ते खरं की खोटं? काचेच्या ग्लासात १०० मिली पाणी घ्या. त्यात मीठ ढवळत राहा, तळाशी थोडं न विरघळता उरेपर्यंत. साधारण ३६ ग्रॅम लागतं. आता त्यात एक कीकॅप टाका, पण तोंड वर करून टाका आणि काडीनं हलवून आतले हवेचे बुडबुडे काढा, नाहीतर बुडबुड्यांमुळे भलतंच उत्तर मिळेल. साध्या पाण्यात पीबीटी आणि एबीएस (कीकॅपचं दुसरं नेहमीचं प्लास्टिक) दोन्ही बुडतात. मिठाच्या संपृक्त पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. एबीएसची १.०४ ते १.०७, म्हणून ते तरंगतं. पीबीटीची १.३, म्हणून ते तळाला जातं. माझ्याकडची ‘डी’ची कीकॅप ग्लासात सोडली तर सावकाश, गिरक्या घेत तळाला गेली. स्पेसबार ग्लासात मावेना म्हणून पोळ्यांच्या डब्यात पाणी केलं. तो तरंगला.

म्हणजे फसवलं का? नाही. पीबीटी साच्यातून निघून थंड होताना जास्त आकसतं, लांब तुकडा हमखास वाकतो. म्हणून बरेच उत्पादक स्पेसबार तेवढा एबीएसचा ठेवतात. मी तरी त्याला माफ करतो. उलट पीबीटीचा स्पेसबार असेल तर तो काचेवर पालथा ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. मधे फट दिसली तर तो केळ्यासारखा वाकलेला आहे. कीकॅप नंतर साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा. मिठाचा एक थेंबही स्विचमध्ये जाता कामा नये.

स्टॅबिलायझर: खडखडाट इथेच असतो

लांब कीच्या दोन्ही बाजूंना छोटी प्लास्टिकची घरं आणि त्यांना जोडणारी तार, हा स्टॅबिलायझर. स्वस्त कीबोर्डची पहिली हौस इथे फिटते.

आधी तो कशाला धरलाय ते बघा. प्लेटला (स्विच ज्यात बसतात ती सपाट चौकट) खटक्यानं अडकवलेला, बोर्डला खटक्यानं अडकवलेला, की बोर्डला स्क्रूनं आवळलेला. तिसरा सगळ्यात घट्ट. पहिला वाईटच असतो असं नाही, पण तो बोटानं हलवून बघा. घर प्लेटमध्ये डुगडुगत असेल तर ग्रीस कितीही लावा, आवाज पूर्ण जाणार नाही.

मग तार. स्क्रूवाला किंवा बोर्डला अडकवलेला स्टॅबिलायझर केस उघडल्यावरच बाहेर येतो, पण तार जागेवरही तपासता येते. स्पेसबारच्या तारेचं एक टोक बोटानं हलकेच दाबा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा. दोन्ही एकाच वेळी खाली जायला हवीत. माझ्या कीबोर्डवर डावं टोक आधी जात होतं आणि उजवं केसभर मागून. तेवढ्या केसभर फरकाचाच तो खडा वाजत होता. तार बाहेर काढून आरशावर ठेवली तर एक पाय अधांतरी. अंगठ्यानं दाबून सरळ करायला दोन मिनिटं लागली, आरशावर चारही बिंदू टेकेपर्यंत पंधरा.

आमच्या शेजारच्या मिरजेत तंबोरे बनतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तिचा झंकार जुळवतात, तो दोरा कणभर इकडेतिकडे झाला तरी आवाज बदलतो. इथे काम नेमकं उलटं. कापडी चिकटपट्टीचा तुकडा स्टॅबिलायझरखाली लावून तारेचा झंकार मारायचा. पण कान तोच लागतो.

तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावलेलं आहे का ते बघा. माझ्याकडे दोन्ही टोकं कोरडी ठणठणीत होती. ‘फॅक्टरी ल्यूब’ लिहिणाऱ्यानं स्विचमध्ये तेल घातलं होतं, स्टॅबिलायझर तसेच सोडले होते. म्हणून त्या दाव्याला मी अर्धा गुण दिला. आणि हो, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज काढायचा स्प्रे यातलं काही तिथे घालू नका. पातळ तेल ओघळून स्विचच्या आत पोचतं आणि धूळ धरून ठेवतं.

स्विच

कीकॅप काढल्यावर स्विचच्या मधून खालची प्लेट दिसते. तिला चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडी, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम, पितळ किंवा प्लास्टिक. (तुमचा कीबोर्ड चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्टवाल्या स्विचचा असेल तर चुंबक लांब ठेवा.) प्लेटची जाडी १.५ मिलिमीटर असावी, स्विचचे खटके त्याच मापाला बनलेले असतात.

स्विचचा मूळ नमुना जर्मनीच्या चेरी कंपनीचा, एमएक्स नावाचा, १९८० च्या दशकातला. आज बाजारात दिसणारे बहुतेक स्विच त्याच्याच घडणीचे. मधला अधिकच्या चिन्हासारखा दांडा, एकूण ४ मिलिमीटरची दाब, साधारण २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं.

हॉटस्वॅप असेल तर चिमट्यानं वरचा आणि खालचा खटका दाबून स्विच सरळ वर ओढा. सगळे काढायची गरज नाही. पाच-सहा काढा, पण कुठले काढताय त्याला अर्थ असू द्या. मराठी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘ई’च्या कीवर काना आणि ‘डी’च्या कीवर हलन्त असतो. जुन्या कीबोर्डवर आपली बोटं सगळ्यात जास्त तिथेच आपटलेली असतात. तिथला एक स्विच आणि स्क्रोल लॉकचा एक, असे शेजारी ठेवून दाबून बघा. झीज किती झाली ते लगेच कळतं.

स्विचच्या वरच्या झाकणाला बहुधा चार खटके असतात. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं दोन-दोन उचकटले की झाकण सुटतं. पांढऱ्या ताटात उघडा, कारण स्प्रिंग उडते. आत चारच मुख्य गोष्टी: दांडा, स्प्रिंग, तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी आणि खालचं घर. टॉर्च मारून बघा. दांड्याच्या दोन्ही कडांना तेलाचा पातळ, सारखा थर हवा. एका स्विचमध्ये पांढरा गोळा आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं दिसलं तर हाताला वेगवेगळं लागणारच. पट्टीला बोट लावू नका. ती केसभर वाकली तरी अक्षर कधी उमटेल, कधी नाही.

त्या पट्टीचं महत्त्व मला मार्केट यार्डात कळलं. ओळखीच्या एका अडतदार काकांचा फोन आला, “पंधरा पोती मारली की एकशे पंचावन्न दाखवतंय रे. हिशोबाला बसलो तर घाम फुटला बघ.” गेलो. भाच्यानं हौसेनं घेऊन दिलेला मेकॅनिकल कीबोर्ड, हळदीच्या सौद्यांत दोन हंगाम वापरलेला. कीकॅप काढल्या तर खाली पिवळाधमक थर, जणू कीबोर्डचं हळदीचं लग्न लागलंय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण स्विचच्या पट्टीला त्याचं कौतुक नसतं. पट्टी आणि संपर्काच्या बिंदूमध्ये धूळ बसली की एका दाबात विद्युतप्रवाह दोन-तीनदा जोडला-तुटला जातो. अशी काही मिलिसेकंदांची थरथर कीबोर्डचं सॉफ्टवेअर गाळतं, पण ती लांबली की पाचाचे दोन पाच होतात. हॉटस्वॅप होता म्हणून बरं. स्क्रोल लॉकचा स्विच काढून ५ च्या जागी बसवला आणि ५ चा तिकडे. स्क्रोल लॉक काकांनी जन्मात दाबलेला नव्हता. चहा निवायच्या आत काम झालं. झाळलेले स्विच असते तर त्या हंगामात कीबोर्ड भंगारात गेला असता.

स्विच काढलाय तोवर त्याचे पाय मोजा. धातूचे दोन आणि मधला प्लास्टिकचा जाड खुंट, म्हणजे तीन पायांचा. बाजूला आणखी दोन प्लास्टिकचे खुंट असतील तर पाच पायांचा. बोर्डवर पाच भोकं असतील तर दोन्ही प्रकार बसतात. तीनच असतील तर पाचपायाचे दोन खुंट कापावे लागतात.

स्क्रू आणि केस

स्क्रू दिसत नसतील तर रबरी पायांखाली, लेबलखाली, घडीच्या पायांच्या खाचेत आणि कीकॅपच्या मधोमध प्लेटवर शोधा. लेबलवर बोट फिरवा, जिथे खळगा लागेल तिथे स्क्रू. रबरी पाय हेअर ड्रायरनं कोमट करून उचला म्हणजे फाटत नाहीत.

स्क्रू निघाल्यावरही केस उघडली नाही तर जोर लावू नका. कडेला प्लास्टिकचे खटके असतात. एटीएम कार्डाचा कोपरा फटीत घालून सरकवत न्या, एकेक खटका ‘टक’ करून सुटेल. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं की कड कुरतडली जाते. अर्धवट सुटल्यावर थांबा आणि आत डोकावून बघा. वरच्या आणि खालच्या भागांत केबल असते, झटका दिला तर कनेक्टर बोर्डसकट उपटून येतो.

बॅटरी असेल तर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर काढा. प्लास्टिकचा खटका धरूनच, वायर ओढून नाही. पिशवीसारखी चंदेरी बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू नका, टोचू नका. काम तिथेच थांबवा. बॅटरीवरचा एमएएचचा आकडा खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा.

स्क्रू ज्यात जातात ती भोकं बघा. पितळी नळी बसवलेली असेल तर कितीही वेळा उघडा. स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जात असेल तर पाच-सहा वेळा उघडल्यावर आटे जातात. भोकाभोवती केसासारखी चीर दिसते का, तेही बघा.

आता माझं गॅस्केट. खऱ्या गॅस्केट माउंटमध्ये प्लेट केसला स्क्रूनं जोडलेली नसते. ती वरून-खालून रबर किंवा फोमच्या पट्ट्यांमध्ये चेपून धरलेली असते आणि मधे दाबली की किंचित दबते. माझ्या प्लेटच्या कडांना फोमच्या पट्ट्या होत्या, देखण्या, निळ्या. पण प्लेटमधून सहा स्क्रू थेट खालच्या केसच्या खुंटांत गेले होते! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पट्ट्या नुसत्या शोभेला.

फोमचे थर एकावर एक असतील तर त्यावर खूश होऊ नका, रागावूही नका. पोकळ आवाज झाकायला ते कामाचे. पण साधा स्पंज असेल तर सांडलेला चहा तो शोषून ठेवतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बोर्डाखाली ओल राहते.

बोर्ड

इथे घाई करू नका. कडेनं बोर्डची जाडी आणि रंग बघा. फिकट पिवळट-हिरवट काचेसारखी कड म्हणजे फायबरग्लासचा, १.६ किंवा १.२ मिलिमीटरचा. तपकिरी, पुठ्ठ्यासारखी कड म्हणजे स्वस्त फिनॉलिक. त्याच्यावरचं तांबं गरम डागणीनं पटकन सुटतं, पुढे दुरुस्ती अवघड.

डाग, म्हणजे झाळलेला सांधा, बघा. चांगला डाग गुळगुळीत आणि पायथ्याकडे पसरत जाणारा असतो. गोळ्यासारखा डाग कधीतरी दगा देतो. बोर्डवर झाळताना लावलेला चिकट पिवळट फ्लक्स राहिलेला असेल तर सफाईचा टप्पा कुणीतरी गाळलाय.

प्रत्येक स्विचजवळ एक छोटा डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) हवा, बहुधा १एन४१४८ जातीचा. एकाच वेळी बऱ्याच की दाबल्या तर नको ते अक्षर उमटू नये म्हणून तो असतो. डायोड मोजून स्विचच्या संख्येशी ताडा.

यूएसबी पोर्टच्या धातूच्या कवचाचे पाय बोर्डमधून आरपार जाऊन पलीकडे झाळलेले हवेत. नुसतं वर चिकटवलेलं पोर्ट केबल ओढली गेली की बोर्डवरचं तांबं घेऊनच निघतं. पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असेल तर सोन्याहून पिवळं, बिघडला तर तेवढाच बदलता येतो. जवळच ते दोन रेझिस्टर शोधा, ‘५१२’ किंवा ‘५१०१’ असा आकडा असतो. अगदी बारीक असले तर आकडा नसतो, मग मल्टिमीटर लावा. माझ्याकडे दोन्ही जागेवर होते.

हॉटस्वॅप सॉकेट, म्हणजे स्विचचे पाय ज्यात बसतात ती, बोर्डला पूर्ण टेकलेली आहेत का, ते बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून बघा. एखादं तिरकं असेल तर तेच पहिलं निखळणार.

कीबोर्ड मी परत पाठवला नाही. गॅस्केट नव्हतं, स्टॅबिलायझर कोरडे होते, पण बोर्ड स्वच्छ, सॉकेट सरळ, पोर्ट घट्ट. आवाज मला सुधारता येतो, बोर्ड नाही. याच्या उलट झालं असतं, म्हणजे गुळगुळीत आवाज आणि तिरकी सॉकेट, तर साडेतीन हजार परत मागितले असते.

परत बसवताना

उघडलं त्याच्या उलट क्रमानं. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा, ‘टक’ असं खाली बसेल. तिथे जुने आटे सापडतात. मग सुलटा फिरवा. समोरासमोरचे स्क्रू जोडीनं आवळा, एका बाजूचे सगळे आधी आवळले तर प्लेट वाकते.

स्विच घालण्याआधी त्याचे धातूचे पाय सरळ आहेत का बघा. वाकडा पाय सॉकेटच्या बाहेर दुमडतो आणि तुम्ही बोर्डला दोष देत बसता. जमलं तर केस बंद करण्याआधीच स्विच घाला, बोर्डच्या खालून सॉकेटला बोटाचा आधार देऊन. नुसतं वरून जोरात दाबलं तर सॉकेट बोर्डवरून उखडतं.

केस पूर्ण आवळायच्या आधी केबल लावून एकेक की तपासा. कीबोर्ड तपासायची पानं इंटरनेटवर फुकट आहेत. दोन्ही शिफ्ट धरून बाकीची अक्षरंही मारून बघा. मी शेवटी नेहमीप्रमाणे इनस्क्रिप्ट लावून ‘सांगली’ टाइप केलं, मग ‘स्पष्ट’, मग भरपूर जोडाक्षरांची एक ओळ. ‘डी’ व्यवस्थित उमटत होता. स्पेसबार दाबला तर ठप्प असा आवाज आला, खड्याचा नाही.

वाटीत एक स्क्रू उरला होता. पुन्हा उघडला.